चाराला एक

एप्रिलच्या नऊ तारखेला सकाळी
तो आला आणि हवेत थांबला
बरोबर तिथे, जिथे काहीच नव्हतं.
पोर्चच्या तुळईला एक खिळा, खिळ्याखाली वीतभर हवा,
आणि त्या हवेला तो चोच लावून पाहत होता,
एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून.
मग वळून थेट माझ्या खिडकीशी,
वसुलीला आलेल्या सावकारासारखा.

सुट्ट्या पैशातल्या एका नाण्याइतकं वजन,
मेक्सिकोहून एवढं उडून आलेला,
आणि त्याला खिळा आठवत होता.

युफेमियाचा प्लास्टिकचा फीडर
मीच टाकून दिला होता डिसेंबरात,
तिच्या सपातांबरोबर, गोळ्यांच्या डब्यांबरोबर.
उन्हाने विटलेला, पाकळ्या भेगाळलेल्या.
म्हटलं, आता कोण बघतंय.

थॅडच्या दुकानात अख्खी भिंत फीडरांची.
तीस वर्षं तांब्याच्या खाणीत डंपर हाकला मी,
त्याचे टायर निवडायलाही एवढा वेळ लागला नव्हता.
थॅड म्हणाला, काचेचा घे.
काच उन्हात वाकत नाही, आणि मळ लपवत नाही.
द्राक्षांची नक्षीबिक्षी नको, खाचांत बुरशी धरते.
तोंड रुंद बघ. ब्रश आत जायला हवा.
मी साधी बाटली घेतली, हिरवट,
तळाशी एक बुडबुडा अडकलेली.
कुणाचा तरी श्वास, फुंकताना आत राहून गेलेला.

पहिल्या दिवशी अंदाजाने साखर ओतली,
पाहुण्याला ओततात तशी, सढळ.
कुंपणापलीकडून व्हर्ना स्टॉलकप ओरडली,
अरे लेआंद्रो, पाक करतोयस की जॅम?
प्रमाण तुझ्याच घरात लिहिलेलं आहे, बघ.

होतं. साखरेच्या फडताळाच्या दाराला, आतून,
पेन्सिलीने: ४–१.
वीस वर्षं मी ते दार उघडत होतो
आणि मला वाटायचं, कुठल्यातरी मॅचचा स्कोअर.
कोण जिंकलं, हेही कधी विचारलं नव्हतं.

चार वाट्या पाणी, एक वाटी साखर.
रंग नाही, मध नाही. उकळून गार.
मे महिन्यात बाटली अर्धी झाली की
आतली हवा तापते, फुगते, पाक खाली टपकवते,
आणि मुंग्यांना पत्ता कळतो.
मग स्प्रेच्या डब्याचं झाकण खिळ्याखाली उलटं टांगून
त्यात पाणी भरलं. मुंग्यांसाठी खंदक.
दर तिसऱ्या दिवशी बाटली खाली,
गरम पाणी, थोडं व्हिनेगर, ब्रश.
हात आत घालून काच घासताना
बाहेरून माझीच बोटं मोठी दिसतात, हिरवी.

जुलैत एक आला तांब्याच्या रंगाचा.
तांबं मी ओळखतो.
तारेवर बसून तो दिवसभर पहारा द्यायचा,
स्वतः दोन घोट, आणि बाकीच्यांना हाकलून लावायचं.
आमच्या सुपरवायझरची आठवण झाली.
त्याच्याशी भांडून उपयोग नसतो.
मी आणखी एक बाटली आणली,
घराच्या मागच्या कोपऱ्यावर लावली,
तारेवरून दिसणार नाही अशी.
तिथे बाकीचे पितात.
खुर्ची मीही तिकडेच नेली.

एप्रिलमधला तो दिसायच्या आधी ऐकू यायचा.
पंखांची शिट्टी, सुरीला धार लावल्यासारखी.
सप्टेंबरात एका सकाळी ती नव्हती.
थॅड म्हणाला, पाक ठेवला म्हणून ते थांबत नाहीत,
आणि काढला म्हणून लवकर जात नाहीत.
तरी दोन आठवडे मी ठेवला.
उशीर झालेलं कुणीतरी असतंच.

ऑक्टोबरात बाटल्या धुऊन, पालथ्या घालून,
वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या.
मग फडताळ उघडलं, पेन्सिल शोधली,
आणि तिच्या अक्षराखाली माझ्या अक्षरात लिहिलं:
आठ एप्रिल. त्याच्या आदल्या दिवशी.